फोटोखालची पट्टी

आमच्या तांड्यावर दरवर्षी माघात सप्ता बसतो. शेवटच्या दिवशी माइकवरून देणाऱ्यांची नावं पुकारतात. अमक्यानं गव्हाचं पोतं दिलं, तमक्यानं तेलाचा डबा दिला. माझं नाव त्यात कधी नसतं. दिलेलं असतं, पण मी ‘एक भक्त’ एवढंच लिहायला लावतो. कीर्तनात उभं राहायचं, टाळ हातात घ्यायचा, महाराजांनी चाल वर नेली की अंगावर काटा येऊ द्यायचा. तिथं आपल्या नावाचं काय काम, असं मला वाटायचं. ही समजूत चांगली की वाईट ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण तिच्यापायी एका माणसाचं मोठं नुकसान होता होता राहिलं, ते सांगतो.

दोन हजार सहा सालची गोष्ट. मी तेव्हा वसमत डेपोला कंडक्टर होतो. माझी मुलगी मिना वसमतलाच कॉलेजात शिकत होती. माझी ड्यूटी बहुतेक वारंगा फाट्याच्या गाडीवर असायची, आणि फाट्यावर रत्नपाल पाईकरावचा फोटो स्टुडिओ होता. रत्नपाल माझ्याच वयाचा, अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. वीस वर्षं पासपोर्ट फोटो, लग्नं, नामकरणं, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, हेच काढत आलेला. त्या वर्षी सप्त्याच्या कमिटीनं रंगीत फोटो काढायला त्यालाच बोलावलं होतं. महाराजांचं पूजन, पाहुण्यांचे सत्कार, पंगत, सगळं त्यानं काढलं.

महिन्याभरानं ते फोटो आणायला मी स्टुडिओत शिरलो. गाडी दहा मिनिटं थांबणार होती. आतल्या बाजूला एका दोरीला चिमट्यानं एक फोटो वाळत लावलेला होता, काळा-पांढरा. मी सहज बघितलं आणि बघतच राहिलो.

फोटोत नानीबाई होती. माझ्या घरापासून चौथं घर तिचं. सत्तरी कधीच ओलांडलेली, कपाळाशी चांदीच्या घुगऱ्या, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. रोज बघतो मी तिला. शेळ्यांना शिव्या देताना बघतो, सुनेशी भांडताना बघतो. पण फोटोतली नानीबाई कीर्तन ऐकत होती. मान जराशी कलती, ओठ किंचित उघडे, अर्ध्या चेहऱ्यावर ऊन. महाराजांच्या तोंडून पुढचा शब्द यायचाय आणि ती त्याची वाट बघतेय, असं ते तोंड होतं. तीस वर्षं मी कीर्तनं ऐकली. ऐकणं डोळ्यांना दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवून राहिला होता आणि माझे पाय हलत नव्हते.

“रत्नपालभाऊ, हा मला द्या,” मी म्हणालो.

त्यानं विचारलं, “घरात लावायला?”

“देवघरात लावतो.”

“मंग न्या. पण जपा. हा मी अजून कुणाला दिला न्हाई.”

फोटोखाली पांढरी पट्टी सोडलेली होती. तिच्यावर बारीक अक्षरात शाईनं लिहिलं होतं, ‘छाया : रत्नपाल पाईकराव, वारंगा फाटा’.

मी फोटो देवघरात लावला. पण चांगली चीज एकट्यानं खायला मला कधी जमलं नाही. मिनानं मला वसमतच्या नेट कॅफेत ऑर्कुटवर खातं उघडून दिलं होतं. तिथं कीर्तनाच्या वेड्या लोकांचा एक गट होता, कुठकुठली माणसं रोज एकमेकांना रामकृष्णहरी घालायची. अल्बममध्ये तेव्हा बाराच फोटो ठेवता यायचे. माझे अकरा झाले होते, सगळे देवांचे आणि महाराजांचे. बाराव्या जागेवर नानीबाई ठेवायची, असं ठरवून मी फोटो घेऊन कॅफेत गेलो.

स्कॅन करताना कॅफेवाल्यानं विचारलं, “काका, खालची पट्टी ठेवू का काढू?”

“काढ,” मी म्हणालो. “देवाच्या कामात नाव कशाला?”

खरं सांगतो, मला वाटलं मी रत्नपालचा मानच करून राहिलो. माझ्या नावासारखंच त्याचंही नाव मी सेवेत विरघळवलं. फोटोखाली मी मिनाकडून टाइप करून घेतलं, ‘एका भक्ताची सेवा’.

आठवड्यात धो-धो निरोप आले. सोलापुरातून आले, नाशकातून आले, अमेरिकेतल्या एका बाईचा आला की हा चेहरा बघून मला माझ्या आजीची आठवण झाली आणि मी ऑफिसात रडले. कुणी कुणी विचारलं, “मोहनसिंगभाऊ, तुम्ही काढला का?”

मी मिनाला सांगितलं, “लिव्ह, माउलीनं काढून घेतला.”

मिना कीबोर्डवरचा हात उचलून माझ्याकडं बघायला लागली. “बा, हे खोटं आहे.”

“खोटं कुठं? मी माझं नाव घेतलंय का?”

“दुसऱ्याचं बी न्हाई घेतलं.”

“तू लिव्ह गं. लई शिकलीस.”

तिनं लिहिलं. लोक तो फोटो उचलून आपापल्या पानावर लावू लागले. कुणी त्याला हार घातला, कुणी वर ओळी लिहिल्या. मला आनंद झाला. प्रसाद लांब लांब पोचला म्हणायचा.

ऑगस्टातली गोष्ट. फाट्यावर गाडी भरली आणि रत्नपाल चढला. हातात लांब पाकीट.

“कुठं, वसमत?” मी विचारलं.

“व्हय, एक वसमत. अन् एक सवाल.”

तिकीट फाडून त्याच्या हातात दिलं. त्यानं पाकिटातून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. त्यावर माझं ऑर्कुटचं पान छापलेलं होतं. माझा टोपीतला फोटो, माझं नाव, आणि खाली नानीबाई.

“हे तुमी टाकलं?”

“मीच टाकलं की!” मी खुशीत म्हणालो. “तुमचा फोटो अमेरिकेत गेला, रत्नपालभाऊ!”

“माझा?” तो म्हणाला. “ह्याच्यात मी कुठं हाये?”

शेजारच्या सीटवर धुरपताबाई बसली होती, फाट्यावर भाजी विकणारी, सगळ्या गाडीची वळखीची. ती वाकून कागदात बघायला लागली.

रत्नपाल बसला आणि खालच्या आवाजात सांगू लागला. पुण्याच्या एका छायाचित्रकार मंडळाच्या प्रदर्शनाला त्यानं हा फोटो पाठवला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा कुठं काही पाठवलं. तिकडून निवडला गेल्याचं पत्र आलं. त्याच्या मागोमाग दुसरं पत्र आलं, की हाच फोटो इंटरनेटवर दुसऱ्याच माणसाच्या पानावर आहे, आणखी चौदा पानांवर आहे, तुमचं नाव कुठंच नाही. फोटो तुमचाच असल्याचा पुरावा पंधरा तारखेपर्यंत पाठवा. नाही आला तर नाव कमी करू.

“आज आठ तारीख,” तो म्हणाला. “चोर समजून राहिले मला, भाऊ. माझ्याच फोटोचा चोर.”

माझ्या तोंडातून गेलं, “आवो, पण तो प्रसाद हाये. प्रसाद वाटताना कुणी इचारतं का?”

“अन् आचाऱ्याला नारळ कशाला देता मंग?” धुरपताबाई मधेच म्हणाली. “सप्त्यात बुंदी करणाऱ्याला टावेल-टोपी करता न्हाई तुमी? मांडववाल्याला करता, मृदंगवाल्याला करता. ह्या बाप्यालाच काहून न्हाई?”

“कंडक्टर, फुकट प्रवास घडवला की तुमी त्याच्या फोटोला, तिकीट न फाडता!” मागून कुणीतरी ओरडलं आणि गाडी हसली. रत्नपाल हसला नाही. मी तिकिटाची पेटी काखेत घेऊन पुढच्या दांड्याला धरून उभा राहिलो.

वसमतला उतरताना तो म्हणाला, “उद्या तुमची सुट्टी हाये ना? स्टुडिओत या. तुमी लिहून द्यायचं, अन् मी पुरावा तयार करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. त्यानं स्टुडिओचं दार लावलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. पेटीएवढी खोली. खिडकीला काळं कापड ठोकलेलं, एक तांबडा दिवा, टेबलावर तीन पसरट भांडी, व्हिनेगरसारखा आंबूस वास.

“फिल्म तर मी पोस्टानं धाडणार न्हाई,” तो म्हणाला. “गहाळ झाली तर संपलं. पूर्ण रोलचा एकच फोटो काढतो. छत्तीस चौकटी एका कागदावर. एक फोटो कुणीबी कापून नेईल, पण त्याच्या मागचे-पुढचे कुठून आणील?”

त्यानं फिल्मच्या पट्ट्या कागदावर ओळीनं मांडल्या, वर काच ठेवली, पांढरा दिवा मनात मोजून लावला आणि विझवला. मग तो कोरा कागद पहिल्या भांड्यात सोडला आणि भांडं एका कडेनं हळूहळू हलवायला लागला.

“बघा आता,” तो म्हणाला. “बोलू नका.”

कागद पांढराच होता. पाणी इकडून तिकडं जात होतं. मग एका कोपऱ्यात करडं काही उमटलं, दुसरीकडं उमटलं, आणि कुणी बोलावल्यासारखी सगळीकडून चित्रं वर यायला लागली. कुठून येत होती? कागदात नव्हती, पाण्यात नव्हती. माझे हात आपोआप जोडले गेले. रत्नपालनं ते बघितलं आणि भांडं हलवत राहिला.

दुसऱ्या, तिसऱ्या भांड्यातून काढून त्यानं कागद धुतला, मोठा दिवा लावला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

पहिल्या चौकटीत माणूसच नव्हतं. मांडवाचा खांब, त्याच्याशी घडी घातलेलं एक पोतं आणि पोत्यावर उन्हाचा तुकडा. दुसऱ्या चौकटीतही तेच, ऊन जरा सरकलेलं.

“ही तर नानीबाईची बसायची जागा,” मी म्हणालो.

“व्हय. मांडवाच्या कापडाला तिथं भोक होतं. पयल्या दिवशी बघितलं, अकराला पाच कमी असले की ऊन बराबर तोंडाच्या उंचीला येतं. पण पयले सहा दिवस कीर्तन सांजचं, तवा ऊन कुठलं? ऊन अन् कीर्तन एका टायमाला फक्त शेवटी, काल्याच्या दिवशी, सकाळी. सात दिवस थांबलो.”

पुढं नानीबाई येते. हात उगारून त्याला हाकलते. पुढच्या चौकटीत तोंडाला ओढणी लावून हसते. पुढं शेजारणीशी बोलते. एका चौकटीत कडेला कुणी डोळे मिटून टाळ वर उचललेला, तोंड उघडं.

“हा मी?”

“तुमीच.”

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. माझ्याच समोर ते तोंड तसं झालं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

“तुमी कीर्तनात होता, भाऊ,” रत्नपाल म्हणाला. “तुमाला काय दिसणार.” टोमणा नव्हता तो, सरळ सांगितलं त्यानं. “मी देव मानत न्हाई, तुमाला म्हायतीये. पण माणूस असं ऐकायला लागलं की मला श्वास घेता येत न्हाई.”

बत्तीसाव्या चौकटीत तो फोटो होता. अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्या पुढच्या चार चौकटी नुसत्या काळ्या.

“ह्या काहून काळ्या? फिल्म खराब झाली?”

“न्हाई. काढलेच न्हाई. त्याच्यानंतर ती रडायला लागली. ते तिचं होतं, म्या क्यामेरा खाली ठिवला.”

मी भिंग टेबलावर ठेवलं. त्या चार काळ्या चौकोनांकडं बघताना मला जे वाटलं ते कीर्तनाच्या मांडवातही फार थोड्या वेळा वाटलंय. हातात क्यामेरा, चार फोटो शिल्लक, समोर रडणारी म्हातारी, आणि हा माणूस थांबला. आणि मी? मी तर तो फोटो हातात येताच जगभर उधळला होता.

“मी तिला तीनदा इचारलं,” रत्नपाल कागद वाळत लावत म्हणाला. “काढायच्या आधी, काढल्यावर, अन् पुण्याला धाडायच्या आधी. तुमी इचारलं का तिला?”

चौथं घर. मी ‘न्हाई’ म्हणून मान हलवली.

सांजेला नानीबाईच्या अंगणात गेलो. ती शेळीचं दावं बांधत होती. जे घडलं ते सगळं सांगितलं, अमेरिकेसकट. तिनं ऐकून घेतलं आणि कंबरेवर हात ठेवला.

“मोहन, मला आमेरिकेला धाडलंस, अन् धा पावलं येऊन सांगवलं न्हाई तुला?”

“चुकलं, नानी.”

“त्या फोटोवाल्यानं तीनदा इचारलं. पयल्यांदा म्या हाकललं. दुसऱ्यांदा चा पाजला. तिसऱ्यांदा व्हय म्हणलं. काय लिवलंस खाली?”

“एका भक्ताची सेवा.”

“कोण भगत? बसलेली मी, ताटकळला तो. तू कुठला भगत मधीच?” तिची सून आतून हसली. “आता लिव्ह. त्याचं नाव लिव्ह. अन् माझं बी लिव्ह. मी काय भूत हाये व्हय बिननावाचं?”

रात्री जेवताना नानीबाईचं बोलणं मिनाच्या कानावर घातलं. सकाळी ती माझ्याआधी चपला घालून दारात उभी होती.

कॅफेत आम्ही आधी तो फोटो काढून टाकला. त्या जागी मी पत्र लिहिलं. एकेक वाक्य सांगत होतो, मिना टाइप करत होती. फोटो माझा नाही, वारंगा फाट्याच्या रत्नपाल पाईकराव यांचा आहे. त्यांना न विचारता मी लावला. त्यांचं नाव होतं ते मी कापायला लावलं. फोटोतल्या माउलीचं नाव नानीबाई, तिलाही विचारलं नाही. इथं मिना थांबली. “पुढं?”

पुढं मला एकदम सुचलं ते सांगितलं. कीर्तनात अभंगाचा शेवटचा चरण येतो तेव्हा ज्यांचा अभंग त्या संतांचं नाव त्यात येतं. महाराज तिथं हात जोडतात, आपण मान लववतो. कुणी ते नाव गाळून अभंग म्हटला तर मी टाळ खाली ठेवून मांडवाबाहेर जाईन. आणि मीच या फोटोचा शेवटचा चरण कापला. ज्यांनी ज्यांनी तो माझ्याकडून नेला, त्यांनी काढून टाकावा, नाहीतर रत्नपालभाऊंना विचारून त्यांच्या नावासह ठेवावा. आपला, मोहनसिंग आडे, कंडक्टर, वसमत.

मी कुठंही स्वतःहून पूर्ण नाव लिहिल्याची ती पहिलीच वेळ.

चौदाही जणांना वेगळे निरोप पाठवले. नऊ जणांनी फोटो काढला. दोघांनी रत्नपालला फोन करून नाव लावलं. एक जण म्हणाला, देवाची गोष्ट सगळ्यांची असते, मी नाही काढणार. हे माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटलं ते नाही सांगत. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तो फोटो अजूनही कुठंतरी बिननावाचा फिरत असणार. सुटलेलं परत गोळा होत नाही.

माझ्या पत्राची छापील प्रत आणि छत्तीस चौकटींचा तो कागद रत्नपालनं अकरा तारखेला रजिस्टर पोस्टानं पाठवला. त्यानंतर तो माझ्या गाडीला सहा वेळा चढला. मी दर वेळी तोंडाकडं बघायचो, तो दर वेळी नाही अशी मान हलवायचा. धुरपताबाई तर फाट्यावर गाडी थांबली की खिडकीतूनच विचारायची, “आलं का रं कागद?” सातव्यांदा तो चढला आणि त्यानं पत्र माझ्या तिकिटाच्या पेटीवर ठेवलं. निवड कायम. पुण्यानंतर प्रदर्शन नांदेडला येणार, तेव्हा छायाचित्रकारानं हजर राहावं.

नांदेडला आम्ही चौघं गेलो. रत्नपाल, नानीबाई, मिना आणि मी. नानीबाईनं पेटीतली ओढणी काढली होती. हॉल मोठा, भिंती पांढऱ्या, आणि माणसं कीर्तनात बसल्यासारखी हळू बोलत होती. डाव्या भिंतीवर मधोमध ती होती. आमच्या देवघरातल्या फोटोच्या दहापट मोठी. ऊन होतं, कलती मान होती, ओठ होते. एवढी मोठी झाल्यावर तिच्या घुगऱ्यांवरच्या ठोक्याच्या खुणासुद्धा दिसत होत्या. पुढं सात-आठ लोक उभे होते आणि कुणी बोलत नव्हतं. महाराज चाल वर नेऊन मधेच थांबतात, मृदंग थांबतो, आणि हजार माणसांच्या मांडवात क्षणभर काहीच वाजत नाही, तसं झालं होतं तिथं. मांडव नव्हता, महाराज नव्हते, आणि मी तीस वर्षं ज्याच्यासाठी टाळ वाजवत आलो ते भिंतीवर होतं.

एका चष्मेवाल्या गृहस्थांचं लक्ष फोटोवरून नानीबाईवर गेलं. परत फोटोवर. परत तिच्यावर. त्यांनी हातच जोडले.

“मला काय हात जोडता,” नानीबाई साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. “मी नुसती बसले व्हते. काढणारा त्यो. नाव हाये बगा खाली, वाचा की.”

गृहस्थ वाकले. वाचलं. “कुठं आहेत हे?”

आम्ही वळून बघितलं. रत्नपाल नव्हता. मी बाहेर गेलो तर तो फाटकाशी उसाच्या रसाच्या गाड्यामागं उभा, हातातला ग्लास तसाच भरलेला.

“चला आत.”

“तुमी बघून या. मी हाये इथं.”

“अवो, लोक इचारून राहिले तुमाला.”

“काय इचारतात?”

“चला तर खरं.”

मी त्याच्या हातातला ग्लास घेऊन गाड्यावर ठेवला आणि मनगट धरून त्याला आत आणलं. माणसांनी वाट दिली. नानीबाई एक पाऊल बाजूला सरकली, म्हणून तो फोटोच्या अगदी समोर आला. बराच वेळ बघत राहिला. गृहस्थांनी काही विचारलं, ते त्याला ऐकूच गेलं नाही. मग तो माझ्या कानाशी आला.

“उजव्या कोपऱ्यात काळं जरा जास्त झालंय, भाऊ,” तो म्हणाला, आणि रुमाल काढून डोळे पुसायला लागला.